डाव्या कोपऱ्यात

गेल्या दिवाळीच्या तोंडावर कऱ्हाडातल्या एका प्रेसमध्ये बसलो होतो. आमच्या वाचनालयाची २००३ सालची स्मरणिका पुन्हा छापायची होती आणि तिची फाइल याच प्रेसमध्ये होती. इथलं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं, काम ज्या ताई बघतात त्या प्रेस या जागेत आल्यापासून त्याच खुर्चीवर आहेत. मालकांनी नुकताच नवा कॉम्प्युटर घेतला होता, विंडोज ११ असलेला. रुंद पडदा, पातळ कडा, आवाज शून्य. ताई माझ्याशी बोलता बोलता, पडद्याकडे न बघताच, माउसचा बाण सरळ खाली डाव्या कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि क्लिक केलं. हवामान उघडलं. ढग, २७ अंश, खाली कुठल्या कुठल्या बातम्या. त्यांनी ते मिटलं, मान वळवून पडद्याकडे पाहिलं, खालच्या पट्टीच्या मध्यावर ती चार निळ्या चौकोनांची खूण शोधली आणि मग स्टार्ट उघडलं. थोड्या वेळाने परत तेच. हात कोपऱ्यात, ढग, मिटवणं, शोधणं. "डोक्याला कळलंय हो दादा," त्या म्हणाल्या, "हाताला कोण सांगणार?"

एवढंच झालं. पण तो कोपऱ्यात जाणारा हात पुढचे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

त्या कोपऱ्याला इतिहास आहे. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं तेव्हा स्टार्टचं बटण तिथे बसलं. त्याआधीच्या विंडोजमध्ये असं बोट दाखवावं असं एक ठिकाण नव्हतं. खिडक्या उघडायच्या, त्यात आणखी खिडक्या. ९५ ने ठरवून टाकलं की काहीही करायचं असलं तरी सुरुवात इथून. आणि कोपरा निवडण्यात शहाणपण होतं. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की एखाद्या जागी हात किती झटकन पोचेल हे ती जागा किती लांब आणि किती मोठी आहे यावर ठरतं. पडद्याचा कोपरा तर अडवणाराच असतो. बाण कितीही जोरात फेकला तरी तो तिथेच जाऊन थांबतो, पुढे जायला जागाच नसते. डोळे मिटून सापडेल अशी जागा. विंडोज एक्सपी आलं, व्हिस्टा आलं, सात आलं, बटणाचा हिरवा रंग जाऊन निळा गोल झाला, पण जागा तीच. २०१२ मध्ये विंडोज ८ ने बटणच काढून टाकलं तेव्हा जगभर आरडाओरडा झाला आणि वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. तरी गंमत बघा, त्या आठमध्येसुद्धा बटण दिसत नसलं तरी कोपऱ्यात क्लिक केलं की स्टार्टच उघडायचं. खूण गेली होती, जागा शाबूत होती. ती जागा पहिल्यांदा हलली २०२१ मध्ये, विंडोज ११ ने पट्टीवरची सगळी चिन्हं मधोमध आणली तेव्हा. सव्वीस वर्षं. माणूस एवढ्या काळात नोकरीला लागून निवृत्तीच्या जवळ येतो.

मी ताईंना सेटिंग्जमध्ये जाऊन पट्टी डावीकडे लावून दिली. ते दोन क्लिकचं काम आहे. हवामान उजवीकडे निघून गेलं, बटण कोपऱ्यात आलं, ताई खूश झाल्या. माझं मात्र समाधान झालं नाही, कारण माझ्या मनात जे सुरू झालं होतं ते त्या एका बटणाचं नव्हतं.

मी कॉम्प्युटर शिकलो तो विंडोज ९८ वर. तालुक्याच्या गावात एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. चपला जिन्यात काढायच्या, हातपाय पुसायचे, निळा पडदा सारून आत जायचं. आत एसीची थंडी आणि एक विशिष्ट वास, तापलेल्या प्लॅस्टिकचा, नव्या वायरींचा आणि धुळीवर पडलेल्या गरम हवेचा. मॉनिटर सुरू केला की आधी ठण्णकन आवाज यायचा आणि पडद्याजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची. कॅबिनेटचा लाल दिवा लुकलुकायचा आणि आतून हार्ड डिस्कची खरखर ऐकू यायची. ही खरखर मला फार महत्त्वाची वाटते. ती ऐकून कळायचं की आत काहीतरी चाललंय. फाइल मोठी असली की खरखर लांबायची, यंत्र अडकलं की थांबायची. आमचे सर पाठमोरे उभे असायचे आणि नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "अरे, तीन नंबर, दोनदा क्लिक करू नकोस, उघडतंय ते."

त्यात लोडशेडिंग. यूपीएस टीं टीं करायला लागला की सगळ्या वर्गाची धावपळ, सेव्ह करा, बंद करा. ज्यांना जमायचं त्यांच्या काळ्या पडद्यावर केशरी अक्षरं यायची की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही, आणि मग आपण स्वतःच्या बोटाने बटण दाबायचं. ज्यांना जमायचं नाही त्यांच्या पडद्यावर वीज परत आल्यावर डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क सुरू व्हायचं. निळी पाटी, पिवळी पट्टी, हळूहळू सरकणारी. शनिवारी डिस्क आवरणारं डीफ्रॅग लावून ठेवायचे. रंगीत चौकोन एकेक करून उचलले जायचे, दुसरीकडे ठेवले जायचे, विस्कटलेलं सगळं वरच्या बाजूला सलग होत जायचं. मी ते तासन् तास बघू शकायचो. माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी आवरून ठेवतंय, आणि काय आवरतंय ते मला दिसतंय, असं वाटायचं.

आजची यंत्रं आवरत नाहीत असं नाही. ती जास्त चांगलं आवरतात, न सांगता, रात्री. हलते भाग नसलेल्या एसएसडी डिस्कला डीफ्रॅगची गरजच उरली नाही. पण आता काय चाललंय ते दिसत नाही. काळ्या पडद्यावर ठिपके गोल फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं, बंद करू नका. किती वेळ, का, काय बदलणार, सकाळी कुठली गोष्ट कुठल्या जागी असेल, यातलं काही आपल्याला विचारलेलं नसतं. ९८ वारंवार अडकायचं, निळा पडदा दाखवायचं, दिवसातून अनेकदा परत सुरू करावं लागायचं. तरी काल संध्याकाळी जसं सोडलं होतं तसंच ते सकाळी सापडायचं, आणि वर्षभराने पाहिलं तरी तसंच. आज ते कधी अडकत नाही आणि कधी जागच्या जागीही राहत नाही. यातलं काय बरं, याचं उत्तर मला एका शब्दात देता येत नाही.

मग एक्सपी. २५ ऑक्टोबर २००१. लोक आठवण काढतात ती याची. ती हिरवी टेकडी, चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागात काढलेला फोटो, आमच्याकडे अनेकांना पाचगणीच्या आसपासचा वाटायचा. पावसाळ्यात पाचगणीच्या वाटेवर तसं हिरवं खरंच दिसतं. एक्सपी चालायला किमान ६४ एमबी रॅम पुरायची. आज अकराला किमान ४ जीबी लागते, म्हणजे चौसष्ट पट. असेंबल केलेला कॉम्प्युटर, वर क्रोशाचं कव्हर, शेजारी बॉलच्या माउसचा बॉल काढून नखाने मळ खरवडणारा घरातला एक मुलगा. बँकेत एक्सपी, तलाठ्याकडे एक्सपी, सायबर कॅफेत एक्सपी, एमएस-सीआयटीच्या वर्गात एक्सपी. कुठेही जा, कोपऱ्यात तेच हिरवं बटण. गावाकडून पुण्याला आलेल्या मुलाला पुण्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर परका वाटायचा नाही, ही साधी गोष्ट नव्हती. शहरातली बाकी प्रत्येक गोष्ट त्याला परकी असायची.

मीही त्या आठवणीत रमतो. पण रमता रमता एका गोष्टीपाशी दर वेळी थांबतो.

त्या एक्सपीला मराठी येत नव्हती.

म्हणजे सोय होती, पण झाकून ठेवलेली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० पासून यंत्रात तिची व्यवस्थाही होती. पण एक्सपीमध्ये ती आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडायचं, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या, चौकटीत खूण करायची, मग यंत्र मूळ सीडी मागायचं. सीडी कुणाकडे असायची? ज्याने कॉम्प्युटर जोडून दिला तो घेऊन गेलेला असायचा. त्यामुळे कित्येक वर्षं कित्येक घरांत मराठी वेबसाइट उघडली की नुसत्या चौकटी दिसायच्या, किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडलेली दिसायची. आपलीच भाषा आपल्या घरातल्या यंत्रावर अशी मोडक्या हातापायांनी उभी असलेली पाहताना पोटात कालवायचं.

आणि तरीही त्या काळात मराठीत पुस्तकं छापली जात होती, दिवाळी अंक निघत होते, वर्तमानपत्रं रोज निघत होती. ती सगळी ताईंसारख्यांच्या बोटांवर. श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशी सॉफ्टवेअरं होती आणि पानं लावायला पेजमेकर होतं. त्यांची युक्ती अशी, की यंत्राला इंग्रजी अक्षरांच्या जागा ठाऊक आहेत ना, मग त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. एका फाँटमध्ये दोनशेच्या वर थोड्या जागा, त्यात काने, मात्रा, अर्धी अक्षरं, रफार, सगळं कोंबायचं. पडद्यावर दिसतं 'म', पण यंत्राच्या लेखी ती असते कुठलीशी टोपीवाली रोमन अक्षरं. मराठी तिथे बहुरूप्यासारखी वावरत होती. फाँट काढून घेतला की सोंग उतरायचं आणि पानभर ठिपके, टोप्या आणि पौंडाची चिन्हं उरायची. ज्यांनी ही सोंगं शिवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्या व्यवस्थेत आपल्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती तिच्या फटींत त्यांनी एक आख्खी लिपी बसवली, आणि त्यात पुण्याच्या माणसांचा मोठा वाटा आहे. पण यंत्राला त्यातलं काहीही कळत नव्हतं. त्यात शोध घेता यायचा नाही, याद्या अकारविल्हे लागायच्या नाहीत, एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात नेला की राख.

म्हणून कुणी जुनं विंडोज किती छान होतं असं म्हणालं की माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकदम उठतात. ते ओळखीचं होतं, हाताखालचं होतं, पण त्याच्याशी मला दुसऱ्याच्या भाषेत बोलावं लागत होतं. व्हिस्टापासून देवनागरीसाठी सीडी मागणं बंद झालं. आठपासून निर्मला नावाचा फाँट आला. २०१९ च्या मे महिन्यातल्या सुधारणेत विंडोज १० मध्ये मराठीचा ध्वन्यानुसारी कळफलक आला, म्हणजे इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' लिहा, देवनागरीत उमटेल. आज माझ्या फोल्डरांची नावं मराठीत आहेत. 'वीजबिल' लिहून शोधलं की वीजबिल सापडतं. नव्याने लिहायला लागलेल्या कुणाला हे सांगण्यासारखं वाटणारही नाही. मला अजून वाटतं. एका गोष्टीसाठी तर मी फार वर्षं थांबलो होतो. पूर्वीचा मंगल फाँट दाखवायचा तो 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाचे असायचे. आपल्याला शाळेत शिकवलेला पाकळीचा ल आणि देठाचा श पडद्यावर नसायचा, आणि शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून हीच रूपं प्रमाण ठरवल्यावरही सरकारी पत्रं मंगलमध्येच निघत राहिली. आता आपल्या वळणाचे मोफत युनिकोड फाँट मिळतात. 'लेकरू' आणि 'शहाणं' हे शब्द नीट दिसतात. बारीक गोष्ट आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला ती रोज भेटते.

सुरक्षिततेचंही तसंच. सगळे पेनड्राइव्ह एकमेकांच्या यंत्रांत फिरायचे आणि एक्सपीमध्ये पेनड्राइव्ह उघडला रे उघडला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, प्रोजेक्ट गायब झालेले, सबमिशनच्या आदल्या रात्री रडणारी मुलं मी पाहिली आहेत. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला तो तर पेनड्राइव्हशिवायही, नुसतं इंटरनेट जोडलं की शिरायचा. यंत्र साठ सेकंद मोजून बंद व्हायचं. त्यानंतर वर्षभराने एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये (मोठ्या सुधारणेत) बाहेरचा शिरकाव अडवणारी फायरवॉल आपोआप चालू राहायला लागली. विंडोज ७ ने पेनड्राइव्हवरचं ते आपोआप सुरू होणं बंद केलं. आज वडीलधारी माणसं लॅपटॉपवरून पैसे पाठवतात आणि आपण निर्धास्त असतो, त्यामागे या सगळ्या ठोकरा आहेत. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर किड्याने जगभरची यंत्रं ओलीस धरली तेव्हा, पाठबळ थांबून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली होती. इतकी एक्सपीची यंत्रं तोवर कुठे कुठे चालू होती.

त्यातलं एक ताईंच्या मागच्या टेबलावर आहे.

स्मरणिकेची फाइल नव्या यंत्रात उघडणारच नव्हती. ताई उठल्या, मागच्या यंत्रावरचं कापड बाजूला केलं आणि पायाने खालचं स्टॅबिलायझरचं बटण दाबलं. या यंत्राला इंटरनेट नाही, कधी जोडायचं नाही अशी ताईंची सक्त ताकीद आहे. कॅबिनेटच्या मागे, जिथे पूर्वी प्रिंटरची जाड वायर लागायची, तिथे बोटभर लांबीचा एक तुकडा स्क्रूने पक्का बसवलेला आहे. ते लॉक. त्या काळी मराठी सॉफ्टवेअर विकत घेतलं की त्यासोबत लॉक यायचं, ते मागे लावलेलं असलं तरच सॉफ्टवेअर चालायचं. आजच्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नसतं. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. खूप जुने, १६ बिटचे प्रोग्रॅम त्यावर चालतच नाहीत. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मधली, त्यानंतर आठवी आली नाही. अशा सगळ्या गाठी एकमेकींत बसलेल्या. त्यामुळे गावातल्या संस्थांच्या कितीतरी वर्षांच्या स्मरणिका, शाळांचे अंक, कुणाच्या पंच्याहत्तरीची पुस्तकं, सगळं त्या एका खरखरणाऱ्या डिस्कमध्ये आहे आणि ते वाचता येणारं गावातलं बहुधा हेच एक यंत्र उरलंय.

ते सुरू झालं, हिरवी टेकडी आली, आणि ताई बदलल्या. मी हे वाढवून सांगत नाही. नव्या यंत्रासमोर खांदे आखडून बसलेल्या बाई इथे मागे रेलून बसल्या. माउसला हात जवळजवळ लागतच नव्हता. ताई टाइपरायटरवर शिकलेल्या, तीस शब्दांची परीक्षा आणि मग चाळीसची. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी त्या आधी देतात आणि अक्षर मागून. 'किती' लिहिताना आधी वेलांटी पडद्यावर एकटीच उभी राहते, मग तिच्या पोटात क येतो. युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर नेमकं उलटं, आधी अक्षर, मग वेलांटी. चुकलं तर बॅकस्पेस मारल्यावर 'म'चा आधी फक्त काना गेला आणि अर्धा म्‌ उरला, मग तोही गेला. अक्षर जसं तुकड्यांनी बनलं तसं तुकड्यांनी उतरलं. त्यांनी एका पानावर मला बदल करून दाखवला, एका देणगीदारांच्या नावापुढे कै. लावायचं होतं. दोन ओळी सरकल्या, शब्दांमधली जागा नुसत्या नजरेने ताडून त्यांनी अर्ध्या पॉइंटने कमी केली, ओळ बसली. सगळं मिळून मला चष्मा पुसायला लागतो तेवढा वेळ.

हे कौशल्य आहे. आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

मला राग येतो तो इथे. सुधारणेवर माझा राग नाही, वर एवढं लिहिलं ते त्यासाठीच. पण प्रत्येक बदलाच्या वेळी असं गृहीत धरलं जातं की शिकलेलं पुसून नवं शिकायला माणसाला काही पडत नाही. पंचवीस वर्षं ज्यांनी बोटांत मुरवलं, त्यांना एका सकाळी पहिलीच्या वर्गात बसवलं जातं, आणि शेजारी बसलेला विशीतला मुलगा हसून म्हणतो, मावशी, सोपंय. त्याला सोपं आहे, कारण त्याच्याकडे विसरण्यासारखं काही नाही. टाइपरायटर गेला तेव्हा एकदा, पेजमेकर आलं तेव्हा एकदा, युनिकोड आलं तेव्हा परत, आणि आता बटणाची जागा. यातले पहिले बदल तरी काही देऊन गेले. टाइपरायटर सोडल्यावर चुकलेलं पान परत टंकावं लागेनासं झालं. युनिकोडने भाषा यंत्राला शिकवली. बटण कोपऱ्यातून मध्यावर आल्याने ताईंना काय मिळालं, हे मी प्रामाणिकपणे शोधलं. पडदे रुंद झाले, कोपरा लांब पडतो, मधोमध आणलं की नजरेच्या टप्प्यात येतं, असं एक कारण देता येतं आणि ते अगदीच चुकीचंही नाही. पण नजरेच्या टप्प्यात आणायची गरज ज्याला बघावं लागतं त्याला असते. ताई कधी बघतच नव्हत्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं पाठबळ थांबलं. प्रेसमधलं आणखी एक यंत्र दहाचं होतं, उत्तम चालणारं, पण त्याचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीतला आणि अकराला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी जवळजवळ सगळी आठव्यापासून सुरू होते. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, ही दुसरी अट. त्यामागचं सुरक्षिततेचं कारण मला पटतं. तरी धडधाकट यंत्राला कागदावर म्हातारं ठरवणं जिवावर येतं. मालकांनी ते भंगारात द्यायचं ठरवलं होतं, मी मागून घेतलं आणि त्यावर विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स टाकलं. लिनक्सशी माझी ओळख जुनी आहे. उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या सीडी पूर्वी नुसतं नाव-पत्ता कळवला की परदेशातून टपालाने फुकट घरी यायच्या, २०११ पर्यंत. आमच्या पोस्टमनला ती पाकिटं कसली असतात याचं फार कुतूहल होतं. आता त्या यंत्रावर वाचनालयाच्या पुस्तकांची यादी आहे, मराठीत, अकारविल्हे. पट्टी कुठे ठेवायची ते तिथे आपण ठरवतो, वर, खाली, उजवीकडे. आमच्या ग्रंथपाल बाईंनी ती डावीकडे उभी ठेवली आहे आणि कुठल्याही सुधारणेने ती अजून हललेली नाही.

स्मरणिकेचं काम मात्र तेवढं सरळ निघालं नाही. ताईंनी जुन्या यंत्रातून मजकूर बाहेर काढून पेनड्राइव्हवर दिला, मी तो परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणला. चौसष्ट पानांचा मजकूर बघता बघता झाला आणि मग खरं काम सुरू झालं. रफार एखाद्या अक्षराने पुढे सरकलेले, 'द्य' च्या जागी 'ध', अवतरणचिन्हांच्या जागी भलतेच काने. सगळ्यांत जास्त छळलं आमच्या गावाच्याच नावाने. परिवर्तकाने 'कऱ्हाड' मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र साध्या र ला हलन्त लावून आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवून बनवला. मी नव्याने टंकलेल्या पानांत तोच नुक्त्याच्या ऱ पासून बनलेला. डोळ्याला दोन्ही हुबेहूब एक. यंत्राला दोन वेगळी गावं. शोध घेतला तर अर्धे देणगीदार सापडत नाहीत, आणि 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'गोऱ्हे' यांचीही तीच गत. शोधा-आणि-बदला लावून एकदम करता येईल, पण काही आडनावांत तो जोड मुळातला आहे आणि काहींत परिवर्तकाने घुसवलाय, त्यामुळे दरेक ठिकाणी थांबून छापील प्रत बघावी लागते. ताई संध्याकाळी काम संपलं की छापील प्रत घेऊन नावं वाचतात आणि मी दुरुस्त करतो. दुरुस्त्या त्या लाल पेनने करतात, समासात, जुन्या मुद्रितशोधनाच्या खुणांनी. त्या खुणा मी ताईंकडूनच शिकतोय. देणगीदारांची यादी 'प' पर्यंत झाली आहे.